आवाज कधी येतो?

कोल्हापूर सोडलं की राधानगरी, दाजीपूर, मग फोंडाघाटाची वळणं, कणकवलीजवळ महामार्ग, कसालला मालवणचा फाटा आणि मालवण ओलांडून तारकर्ली. पश्चिम महाराष्ट्रातून किनाऱ्यावर सुट्टीला येणाऱ्या गाड्यांचा हा नेहमीचा रस्ता. त्यांत हल्ली टर्बो पेट्रोल इंजिनाच्या, कडक सस्पेन्शनच्या, रुंद टायरच्या वेगवान गाड्याही दिसतात. त्या आता केवळ परदेशी चीज राहिलेल्या नाहीत. फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी चाकणला तयार होते आणि मर्सिडीजने २०२० मध्ये एएमजी गाडीची जोडणीही चाकणलाच सुरू केली. अशी गाडी घाट उतरून समुद्राशी पोचते आणि वाजायला लागते. कुठेतरी टकटक, कुठेतरी घरघर, ब्रेकवर पाय ठेवला की किर्र. मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण हिच्या एकेका सुट्या भागाची किंमत साध्या गाडीच्या दुरुस्तीच्या अख्ख्या बिलाएवढी असू शकते. मग जो तो विचारतो, कसला आवाज आहे आणि कुठून येतोय? माझं म्हणणं असं की हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. पहिला प्रश्न ‘कधी येतो’ हा आहे. त्याचं नेमकं उत्तर मिळालं तर बाकीच्या दोहोंची उत्तरं बहुतेक वेळा आपोआप मिळतात. ते न मिळवता गाडी खोलायला घेतली, तर पैसे जातात आणि आवाज तिथेच राहतो.

‘कसला’ या प्रश्नावर फार विसंबता येत नाही, हे एकाच आवाजाचं उदाहरण घेऊन पाहू. इंजिनातून टकटक येते आहे. ही टकटक हायड्रॉलिक टॅपेटची असेल, थंड पिस्टनची असेल, एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून निसटणाऱ्या धुराची असेल किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असेल. तोंडाने आवाज काढून दाखवायला सांगितलं तर चारही वेळा माणूस ‘टक टक टक’ असंच करील. पण चौघांची वेळ वेगळी आहे. गाडी रात्रभर उभी राहिली की टॅपेटमधलं तेल खाली उतरतं, म्हणून सकाळी इंजिन चालू केल्यावर तो वाजतो आणि तेल भरलं की थोड्याच वेळात गप्प होतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. थंड असताना तो सिलिंडरात किंचित सैल बसतो आणि भिंतीवर आपटतो. तापून फुगला की फट कमी होते आणि आवाज काही मिनिटांत विरतो. एक्झॉस्टच्या जोडातली बारीक गळतीसुद्धा धातू तापून प्रसरण पावला की पुष्कळदा बुजते, मात्र थंड इंजिनावर पिकअप दिला की ती चटकन वाढते. रॉडच्या बेअरिंगचं याच्या बरोबर उलट आहे. तेल थंड आणि दाट असताना ते झिजलेल्या बेअरिंगला सांभाळून घेतं. तेल तापून पातळ झालं की ठोका जड होतो. म्हणजे सकाळी वाजून दुपारी गप्प होणारी टकटक बहुधा थांबून बघण्यासारखी असते आणि सकाळी गप्प राहून घाट चढल्यावर वाजणारी टकटक इंजिनाच्या जिवावर उठलेली असू शकते. कान या दोन आवाजांत चुकेल, घड्याळ आणि तापमानाचा काटा सहसा चुकणार नाहीत.

‘सहसा’ म्हणण्याला कारण आहे. टायमिंग चेनचा ताण राखणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. सकाळी पहिल्या क्षणी तो दाब नसतो, म्हणून काही इंजिनांत चालू करताच सेकंदभर खरखर होते आणि थांबते. पण चेन सैल होत गेली किंवा टेन्शनर थकला, की तो सेकंद लांबत जातो. पुढे चेन काही दात घसरली तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचं वरचं अंग निकामी होऊ शकतं. थंड इंजिनाचा आवाज लगेच गेला म्हणून निर्धास्त व्हावं असं त्यामुळे म्हणता येत नाही. तो गेल्या महिन्यात किती वेळ टिकत होता आणि आज किती वेळ टिकतो, हे पाहावं लागतं. हासुद्धा ‘कधी’चाच भाग झाला.

‘कुठून’ हा प्रश्न तर कानाला जवळजवळ फसवतोच. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादात सुमारे ५,००० मीटर. पुढच्या डाव्या चाकाच्या जोडात जन्मलेला ठोका बॉडीच्या पत्र्यातून क्षणात पसरतो आणि जो पत्रा त्या ठोक्याला सर्वांत जोरात थरथरतो, तिथून तो आपल्याला ऐकू येतो. तो पत्रा मागच्या सीटखाली असू शकतो. शिवाय आवाज जितका खर्जातला, तितकी त्याची दिशा ओळखणं अवघड. सेकंदाला १०० कंपनांच्या आवाजाची तरंगलांबीच हवेत ३ मीटरच्या वर जाते, म्हणजे काचा बंद असलेल्या केबिनमध्ये तो सगळीकडून येतोय असंच वाटणार. वेगवान गाड्यांत हा गोंधळ आणखी वाढतो, कारण त्यांची सस्पेन्शनची बुशं आणि इंजिनाची माउंटिंग साध्या गाडीपेक्षा कडक असतात. साध्या गाडीत जे रबर कंप गिळून टाकतं, तेच इथे तो पुढे पाठवतं. उजवीकडून आवाज येतो म्हणून उजवा शॉक ॲब्सॉर्बर बदलला आणि दोष डाव्या लिंक रॉडचा निघाला, असं होतं ते यामुळेच.

आता थोडं गणित करू, कारण ‘कधी’ या प्रश्नाची खरी ताकद त्यात आहे. २२५/४५ आर १७ हे वेगवान सेडान गाड्यांत सर्रास आढळणारं टायरचं माप. त्याचा परीघ जवळपास २ मीटर भरतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला २० मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १० वेळा फिरतं. त्याच वेळी इंजिन ३,००० आरपीएमला असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो, कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने म्हणजे २५ वेळा आणि चार सिलिंडरांच्या इंजिनात पेट्रोल सेकंदाला १०० वेळा पेटतं. गाडीतला प्रत्येक फिरणारा भाग असा आपापल्या तालात बांधलेला आहे. आवाज कोणत्या तालात आहे हे कळलं की निम्मं निदान झालं. यासाठी यंत्र लागत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्यावा. इंजिनाचे फेरे वाढले, चाकाचे वाढले नाहीत. आवाज चढला तर तो इंजिनाकडचा, जसाच्या तसा राहिला तर चाकांकडचा. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये तेवढेच फेरे दिले आणि आवाज आलाच, तर चाक, बेअरिंग, एक्सेल एका फटक्यात यादीतून बाहेर. मॅन्युअल गाडीत तर नुसतं क्लचचं पेडल साक्ष देतं. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबल्यावर थांबली तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, आणि क्लच दाबल्यावरच सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर. गिअरबॉक्स उतरवायला जो वेळ आणि मजुरी लागते ती पाहता, एवढी माहिती पायाच्या एका हालचालीत फुकट मिळते आहे.

पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था आहे. तिथे आवाज आणि कंप यांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळाही आहे. या विद्येतली एक मूलभूत पद्धत अशी की मायक्रोफोनसोबत इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सरही लावायचा आणि आवाजाचा आलेख फेऱ्यांच्या पटीत मांडायचा. फेऱ्याला एकदा येणारा आवाज, दोन फेऱ्यांना एकदा येणारा, फेऱ्याला दोनदा येणारा, असे आवाज अभियंते वेगळे काढतात. नुसता आवाज कितीही स्वच्छ टिपला तरी तो फेऱ्यांशी जोडल्याशिवाय त्यांनाही पुढे जाता येत नाही. ही महागड्या उपकरणांची पद्धत आणि वर सांगितलेली गिअर बदलण्याची पद्धत, दोन्हींतला विचार एकच आहे.

तारकर्लीचा रस्ता अशा तपासासाठी विलक्षण सोयीचा आहे. घाटात एक गोष्ट घडते जी शहरातल्या रस्त्यावर सहज घडत नाही. चढताना इंजिन चाकांना ढकलत असतं, उतरताना त्याच गिअरमध्ये, त्याच फेऱ्यांना चाकं इंजिनाला ओढत असतात. फेरे तेच, वेग तोच, फक्त जोराची दिशा उलटी. गिअरच्या दात्यांची एक बाजू चढताना कामाला येते, दुसरी उतरताना. उतरतानाच ऐकू येणारी आणि चढताना नाहीशी होणारी ‘घूं’ ही गिअर किंवा डिफरन्शियलकडे बोट दाखवते. फक्त चढावर, ॲक्सिलरेटर खोल दाबल्यावर येणारी फुसफुस टर्बोनंतरच्या पाइपातून निसटणाऱ्या हवेची असण्याचा संभव अधिक. ॲक्सिलरेटर सोडताना आणि दाबताना, दोन्ही वेळा एकच ‘ठक्’ झाला तर इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग तपासावं. घाट संपून महामार्ग लागला की काँक्रीट सुरू होतं आणि कसालला मालवणकडे वळलं की डांबर. चाकांतून येणाऱ्या घरघरीचा मोठा वाद इथे मिटतो. रुंद टायर वेडेवाकडे झिजले की हुबेहूब खराब बेअरिंगसारखे वाजतात. काँक्रीटवरून डांबरावर आल्याबरोबर आवाजाचा पोत बदलला तर टायर, न बदलता फक्त वेगाबरोबर चढत-उतरत राहिला तर बेअरिंग. मग मालवणकडे जाणाऱ्या लांब वळणांवर लक्ष ठेवावं. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर बहुधा डावं बेअरिंग, डाव्या वळणावर वाढली तर उजवं. तारकर्ली-देवबागच्या अरुंद रस्त्यावर जांभ्या दगडाचे गडगे आणि कुंपणाच्या भिंती गाडीला अगदी लागून येतात. तिथे काचा खाली करून हळू चालवलं की चाकाखालचा आवाज भिंतीवर आदळून सरळ कानात येतो. आधी एका बाजूचा गडगा, परतताना दुसऱ्या बाजूचा, अशी तुलनाही होते. फुल लॉक घेऊन, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवून, हलका पिकअप दिला आणि ‘कट कट कट’ झालं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट. सरळ चालताना तो जॉइंट शेवटपर्यंत गप्प राहू शकतो.

समुद्र आपले स्वतःचे आवाजही गाडीला देतो आणि त्यांतले पुष्कळसे निरुपद्रवी असतात. ब्रेकची डिस्क बहुतेक गाड्यांत बिडाची असते. खाऱ्या, दमट हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबूस थर चढतो. सकाळी पहिल्या चार-दोन ब्रेकांना खरखर येते, थर घासून निघतो, आवाज जातो. हँडब्रेक ओढून दोन-तीन दिवस उभी ठेवलेली गाडी हलताना मागून दणका देऊ शकते, कारण ब्रेकचे पॅड किंवा शू गंजाने चिकटलेले असतात. दमट सकाळी बेल्टची किंचाळी येते आणि बेल्ट सुकला की थांबते. वाळूतला बारीक खडा डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात अडकला तर असा कर्कश आवाज होतो की गाडी मोडलीच असं वाटावं. तो चाकाच्या तालात येतो, इंजिनाशी त्याला देणंघेणं नसतं आणि गाडी थोडी मागे घेतली की कित्येकदा खडा पडून जातो. या सगळ्यांना ओळखायचं ते त्यांच्या आयुष्यावरून. दहाव्या ब्रेकलाही खरखर चालूच असेल तर तो गंजाचा थर राहिलेला नाही. पॅड संपून लोखंड लोखंडाला घासत असणार, आणि पुढे परतीचा घाट आहे. गाडी पुळणीवर नेणाऱ्यांना मात्र एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं की खारं पाणी आणि ओली वाळू ब्रेक, बेअरिंग आणि वायरिंगच्या जोडांत एकदा शिरली की ती काढणं सोपं नाही, आणि किनाऱ्याचंही त्यात काही भलं होत नाही.

वेगवान गाडीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिचे नेहमीचे, निरोगी आवाजच साध्या गाडीच्या मालकाला विचित्र वाटतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल २०० ते ३५० बार दाबाने थेट सिलिंडरात फवारतात. त्या पंपाची आणि इंजेक्टरची कटकट बॉनेट उघडल्यावर स्पष्ट ऐकू येते. थंड इंजिन सुरू केल्यावर ते मिनिटभर चढ्या फेऱ्यांना गुरगुरतं, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवायचा असतो. ॲक्सिलरेटर सोडला की टर्बोची जादा हवा ‘पिस्स’ करून बाजूला वळते. मर्यादित स्लिपचं डिफरन्शियल असलेली गाडी पार्किंगच्या घट्ट वळणात कुरकुरते. काही गाड्यांत तर आवाज मुद्दाम घडवलेला असतो. बीएमडब्ल्यूच्या २०११ नंतरच्या एम५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून केबिनमध्ये ऐकवला जाई. फोक्सवॅगनच्या काही गोल्फ गाड्यांत काचेच्या खाली कंप निर्माण करणारं एक छोटं उपकरणच बसवलेलं असे. म्हणून अशा गाडीत ‘कसला आवाज’ या प्रश्नाची किंमत आणखी घसरते. कालपर्यंत कोणत्या क्षणी कोणता आवाज येत होता आणि आज त्या क्षणात काय बदललं, हेच विचारावं लागतं. ज्याने गाडी ठणठणीत असताना कधी लक्ष देऊन ऐकलीच नाही, त्याच्याकडे तुलनेला काही नसतं. नवीन गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात रेडिओ बंद करून, काचा उघडून, थंड इंजिनापासून गरम इंजिनापर्यंत ती एकदा नीट ऐकून ठेवावी असं मी आग्रहाने म्हणेन.

यावर पहिला आक्षेप जुन्या मिस्त्रींच्या बाजूने येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून क्षणात बेअरिंग सांगणारे लोक आहेत, त्यांना कुठे लागतात हे प्रश्न? आक्षेप खरा आहे आणि त्या कानाचा मान ठेवलाच पाहिजे. पण तो कान कशावर तयार झाला ते पाहावं. मालवणच्या बंदरातल्या ट्रॉलरचं डिझेल इंजिन तासन्‌तास जवळपास एकाच फेऱ्यांना, एकाच भारावर चालतं. त्या अखंड आवाजात तिळाएवढा फरक पडला तरी तांडेलाला तो जाणवतो, कारण बाकी काहीच बदललेलं नसतं. परिस्थिती तिथे समुद्राने आणि कामाने स्थिर करून दिलेली असते. वेगवान गाडीत फेरे, भार, गिअर, टर्बोचा दाब, रस्ता, सगळं सेकंदासेकंदाला पालटतं. मिस्त्रीचा कान चालावा म्हणून कोणीतरी त्या गोष्टी एकेक करून स्थिर करून द्याव्या लागतात. चांगला मिस्त्री ते स्वतःच करतो. ‘जरा पिकअप द्या, आता सोडा, आता क्लच दाबा’ असं तो सांगतो, तेव्हा तो ‘कधी’ हाच प्रश्न विचारत असतो. स्क्रू ड्रायव्हर शेवटी येतो, जागा नक्की करायला.

दुसरा आक्षेप संगणकाचा. आजच्या गाडीत स्कॅनर लावला की दोषाचा कोड मिळतो, मग कानाची आणि काळवेळेची कसरत कशाला? स्कॅनर नक्की लावावा. पण सैल झालेला लिंक रॉड, झिजलेलं बुश, वाजणारं हीट शील्ड किंवा घरघरणारं बेअरिंग यांना सेन्सर नसतात, त्यांचा कोड येत नाही. आणि जिथे गाडीचा संगणक खरोखर आवाज ऐकतो, तिथे तो कसा ऐकतो हे समजून घेण्यासारखं आहे. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. आत पेट्रोल ठिणगीने शिस्तीत जळण्याऐवजी उरलेलं मिश्रण एकदम भडकलं, की सिलिंडरातला वायू कंप पावतो. सिलिंडराचा व्यास साधारण ८० मिलिमीटर असेल तर हा कंप सेकंदाला सुमारे ७,००० च्या आसपास येतो. बाहेर तो किणकिण किंवा नॉकिंग म्हणून ऐकू येतो. पण नुसती ती कंपनसंख्या ओळखून भागत नाही. व्हॉल्व्ह बसल्याचा ठोका, इंजेक्टरची कटकट यांचेही कंप त्याच पट्ट्यात येऊ शकतात. म्हणून संगणक सेन्सरचं म्हणणं सतत ऐकतच नाही. प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन वर पोचून खाली यायला लागतो, त्यानंतरच्या थोड्याशा काळापुरताच तो कान उघडतो. त्या खिडकीत कंप आला तर त्या सिलिंडरात नॉकिंग झालं असं धरून ठिणगी मागे घेतो. जगातल्या अभियंत्यांनी आवाज ओळखण्यासाठी गाडीत जे सर्वांत तल्लख साधन बसवलं, ते आधी वेळ पाहतं आणि मग आवाज. माझ्या म्हणण्याला याहून बळकट पुरावा मला तरी सुचत नाही.

घाटात या नॉकिंगचं एक भयंकर रूप भेटू शकतं, म्हणून त्याविषयी थोडं अधिक. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या छोट्या इंजिनांत कमी फेऱ्यांवर मोठा भार टाकला, म्हणजे १,५०० ते २,००० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार घडतो. तेलाचा एखादा थेंब किंवा साचलेल्या काजळीचा कण त्याला कारण होतो असं मानतात. आवाज एकच, जड ठोक्याचा, आणि पुन्हा बराच वेळ काही नाही. त्या एका ठोक्याने पिस्टनला तडा जाऊ शकतो. इथे ठिणगी मागे घेऊन संगणकाला काही करता येत नाही, कारण आग ठिणगीची वाट पाहतच नाही. या दोषासाठी तेलाची रचना बदलावी लागली. २०२० साली आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या तेलात त्याची दखल घेतलेली आहे. चालकाच्या हातात तेलाच्या डब्यावरचा दर्जा पाहणं आहे आणि चढावर गिअर खाली घेणं आहे. किणकिण ऐकू आली तर आपण कोणत्या गिअरमध्ये, किती फेऱ्यांना होतो, आणि कोणतं पेट्रोल भरलं होतं, हे लगेच आठवून ठेवावं. काही वेगवान गाड्यांना ९५ ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. तो आकडा मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाच्या आत छापलेला सापडतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो सर्वांत वजनदार. गॅरेजवाल्याला एवढा वेळ नसतो. गिऱ्हाईक तासाभराच्या चाचणीचे पैसे द्यायला तयार होत नाही, पण बदललेल्या भागाचे देतं. तेव्हा संशय येईल तो भाग बदलून पाहणं हाच स्वस्त मार्ग नाही का? साध्या गाडीच्या शंभर-दोनशे रुपयांच्या बुशासाठी मी हे मान्यही करीन. वेगवान गाडीत गणित बदलतं. टर्बो बदलला आणि आवाज हीट शील्डचा निघाला तर झालेला खर्च कोणी परत देत नाही. त्याहून मोठं नुकसान पुराव्याचं होतं. एकाच दिवशी दोन भाग बदलले आणि आवाज गेला, तर कशामुळे गेला हे कधीच कळत नाही. आवाज गेला नाही, तर नव्या भागांनी आणि खोललेल्या जोडांनी आणलेले नवे आवाज जुन्यात मिसळतात. सिलिंडरातला ठोका तपासताना एकेका सिलिंडराचं पेट्रोल स्कॅनरवरून बंद करून पाहतात. तिसरा बंद केल्यावर ठोका मऊ झाला तर दोष तिसऱ्यात. दहा मिनिटांचं हे काम इंजिन खोलण्याआधी व्हायला हवं. गिऱ्हाइकाने तपासणीची मजुरी वेगळी द्यायची तयारी ठेवावी आणि तसं आधीच सांगावं. डॉक्टर दुखणं कधी होतं, जेवणाआधी की नंतर, असं विचारतात त्याची फी आपण देतोच.

गिऱ्हाइकाकडून आणखी एक मदत होऊ शकते, ती फोनच्या रेकॉर्डिंगची, पण ती नीट केली तरच. बहुतेक फोन माणसाचं बोलणं टिपण्यासाठी जुळवलेले असतात. ते सलग येणारा आवाज गोंगाट समजून दाबतात आणि मंद आवाज स्वतःहून मोठा करतात. त्यामुळे नुसती ऑडिओ क्लिप पाठवली तर बेअरिंगची घरघर पुसट होते आणि साधी खडखड भयानक वाटते. शेजारी बसणाऱ्याने फेरे आणि वेग दाखवणारे दोन्ही काटे चित्रात येतील असा व्हिडिओ घ्यावा, आणि गिअर, चढ-उतार, ब्रेक हे तोंडाने बोलत राहावं. असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहून कुडाळचा किंवा कोल्हापूरचा मेकॅनिक बरंच काही सांगू शकतो. इंटरनेटवरच्या क्लिपशी आपला आवाज ताडून निदान करणं मात्र टाळावं. त्या क्लिपमागची वेळ आणि परिस्थिती आपल्याला ठाऊक नसते.

या पद्धतीला एक खरी मर्यादा आहे. काही आवाजांच्या बाबतीत तपास करत बसणं हेच नुकसान असतं. तेलाचा लाल दिवा लागला आणि सोबत ठोका असेल, तर पुन्हा फेरे देऊन ऐकायचं नाही. इंजिन तिथेच बंद करायचं. मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या टर्बोतून अचानक घासल्याचा आवाज आणि मागून निळा धूर आला तरी तसंच. ब्रेकमध्ये लोखंड घासत असेल, पेडल मऊ लागत असेल किंवा चाकाच्या घरघरीसोबत स्टिअरिंगला खेळ जाणवत असेल, तर घाट चढायचा-उतरायचा नाही. तारकर्लीत हा निर्णय अधिकच अवघड होतो, कारण महागड्या गाडीच्या कंपनीचं वर्कशॉप गाठायला बहुतेकांना गोवा किंवा कोल्हापूर गाठावं लागतं, आणि कोल्हापूरच्या वाटेवर घाट आहेच. हीट शील्ड, लिंक रॉड, टायरची घरघर किंवा सीव्ही जॉइंटची सुरुवातीची कटकट असेल तर गाडी सावकाश नेता येते. ठोका गरम इंजिनावर वाढत असेल, तर ती चालवत नेण्याचा मोह सोडून फ्लॅटबेड मागवावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेल्या तर गिअरबॉक्सचं किंवा ट्रान्सफर केसचं नुकसान होऊ शकतं. म्हणून वाहून नेणारी गाडी मागवतानाच ती चारही चाकं वर घेणारी हवी, हे फोनवर स्पष्ट सांगावं लागतं.